बादूच्या गाडीचा चौथा रिले

अकोरासेच्या चढावर, अगदी माथ्याला, गावातलं पहिलं घर लागतं तिथं त्या शनिवारी दुपारी शे-दीडशे माणसं भर उन्हात उभी होती. मधोमध बादूची मिनीबस. मागच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं, 'जळायचं तर लांबून जळा'. बॉनेट उघडं, इंजिन गप्प, आणि बॉनेटसमोर पांढऱ्या सुटातले संदेष्टे जेडेडाया दोन्ही हात आभाळाकडं करून घामाघूम झालेले.

"चाकातली गाठ, सुट."

"सुट," गाव म्हणालं.

"टाकीतली गाठ, सुट."

"सुट."

असं करत करत संदेष्टे गिअरबॉक्सपर्यंत आले, तिथून सायलेन्सरवर गेले आणि शेवटी बंपरलाही मोकळं केलं. बंपरला कुणी कशाला बांधून ठेवेल, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मग त्यांनी डोळे मिटले, मिटता मिटता बाहीखालच्या घड्याळावर हळूच नजर टाकली आणि म्हणाले, "बादू, लेकरा, फिरव चावी."

बादूनं चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं. बायकांनी पांढरे रुमाल हवेत उडवले, कुणी जमिनीवर लोटांगण घातलं, आणि गाडीच्या टपावरचे दोन भोंगे पुन्हा संदेष्ट्यांचंच रेकॉर्ड केलेलं प्रवचन ओरडू लागले.

दहा पावलांवर, आपल्या घराच्या उंबऱ्याशी, बुटक्या लाकडी स्टुलावर फ्रेमाबाई बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली, अंगानं काटकुळी बाई. गाडी चेटूक करून बांधून ठेवली होती ती म्हणे यांनीच. सगळी गर्दी चमत्कार बघत होती, त्या तेवढ्या आपल्या पायांकडं बघत होत्या.

त्याच गाडीतून उतरलेली बिरागो गर्दीच्या कडेला उभी होती. अंगावर मयताचं लाल-काळं कापड. गावात तिच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा अंत्यविधी होता, त्यासाठी ती कुमासी शहरातून आली होती. तिथल्या मॅगझिनमध्ये, गाड्यांच्या कारखान्यांच्या त्या अफाट पसाऱ्यात, तिचं वायरिंगचं दुकान होतं. बावीस वर्षं ती गाड्यांच्या तारा जोडत आली होती, गिऱ्हाइकं तिला मास्टरीणबाई म्हणत. चर्चमध्येही दर रविवारी न चुकता जायची. पण देवाशी बोलणी चालू असताना घड्याळ बघणारा माणूस तिनं आज पहिल्यांदाच पाहिला.

"पाहिलंत ना?" संदेष्टे गर्दीला सांगत होते. "आधी तिनं भोंग्यातला माझा आवाज दाबला. मग इंजिन. सैतानाला देवाच्या शब्दाचीच भीती. दर वेळी आधी माझंच तोंड बंद करतो."

दोन महिने बादूची गाडी आठवड्यातून तीन-चारदा इथंच, फ्रेमाबाईंच्या दाराशी, मरून पडत होती. बादू गाडीत पोरांना शाळेला नेई, बाजारच्या बायकांना नेई. मागच्या पंधरवड्यात ती भर चढावर थांबली आणि मागं घसरली, तेव्हा एका बाईचा हात मोडला. माणसं घाबरली होती ती काही उगीच नाही.

आता भीतीला बोट दाखवायला माणूस लागतो. आणि बोट कुणाकडं वळायचं ते तिकडं आधीच ठरलेलं असतं. चेटकीण परक्याचं काही वाकडं करू शकत नाही, तिचं चालतं ते फक्त आईकडच्या रक्तावर, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. म्हणजे बायको सुटली, सासू सुटली, शेजारी सुटले. बादूची आई वारलेली. उरली आईची थोरली बहीण फ्रेमाबाई, जिनं त्याला लहानाचा मोठा केला, जिला तो थोरली आई म्हणायचा. जिनं सगळ्यात जास्त जीव लावला तीच सगळ्यात आधी सापडली.

"सोमवारी सकाळी तिला छावणीत पोचवायचं ठरलंय," अमान्क्वामामा बिरागोला म्हणाले. ते फ्रेमाबाईंचे धाकटे भाऊ, बादूचे मामा आणि कुळाचे प्रमुख. त्यांचा शब्द म्हणजे घराण्याचा शब्द.

छावणी म्हणजे पलीकडच्या गावातल्या, संदेष्ट्यांच्या मोठ्या चर्चमागचं आवार. तिथं आंब्याच्या झाडाला साखळी असते, आणि गुन्हा कबूल होईपर्यंत उपास. गेल्या वर्षी तिकडं चालत गेलेली एक म्हातारी खाटेवरून परत आली होती, हे मामांनाही ठाऊक होतं.

"मामा, अहो सख्खी बहीण तुमची. गाडी बंद पडते म्हणून माणसाला साखळी लावायची?"

"हौस आहे का मला?" मामा चिडले. "आणि तू हे विचारतेस? तुझ्याच साक्षीवर तर निकाल झाला."

"माझ्या?"

"बादूनं बैठकीत सांगितलं. मास्टरीणबाईंनी तीन वेळा पार्ट बदलला, नवा कोरा बसवला तोही जळला. तेव्हा त्याच म्हणाल्या, गाडीत दोष नाही, आता घरात बघ. मी म्हटलं, संदेष्टा एक वेळ चुकेल, पण बिरागो उगीच बोलायची नाही."

बिरागो खरंच तसं म्हणाली होती.

शब्द न् शब्द आठवला तिला. दुकानात चार गाड्या तुंबलेल्या, बादू तिसऱ्यांदा दारात. पेट्रोलच्या पंपाला करंट देणारा रिले पुन्हा गेलेला. रिले म्हणजे काडेपेटीएवढा काळा डबा. चावीकडून आलेल्या बारीक करंटनं आतली पट्टी ओढली जाते आणि पंपाचा मोठा करंट सुरू होतो. पट्टी सुटली की पंप बंद, आणि पंप बंद की गाडी बंद. तिनं जुना डबा काढला, तळाचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं पाहिलं, नवा दाबून बसवला. इंजिनाचा आवाज नीट ऐकायला मिळावा म्हणून दर वेळी म्हणायची तशी म्हणाली, "ते प्रवचन बंद कर आधी." गाडी अर्धा तास चालू ठेवली, काही झालं नाही. मग हात पुसत, वैतागून, थट्टेत बोलून गेली, "गाडीत दोष नाही बाबा. आता घरात बघ, कुणाशी भांडलायस ते." आणि चौथा रिले बसवून त्याला वाटेला लावलं.

डबा तपकिरी का पडतो, हे तिनं एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. जळला, बदल. जळला, बदल. असला धंदा तर शेंबडा शिकाऊसुद्धा करतो, आणि ती म्हणे मास्टरीण.

संध्याकाळी अंत्यविधीच्या मांडवातून उठून ती फ्रेमाबाईंकडं गेली. एरवी त्या वेळी त्यांच्या शेगडीभोवती गिऱ्हाइकं असायची. त्या भाजलेली केळी आणि शेंगदाणे विकायच्या. शेगडी आज पेटलेली होती, माणूस एक नव्हतं.

"खाशील?" फ्रेमाबाईंनी विचारलं, नको म्हणशील तर राग नाही अशा सुरात.

बिरागोनं केळं घेतलं आणि तिथंच बसून खाल्लं. म्हातारी तिच्या हातातल्या केळ्याकडं बघत राहिली. "दीड महिना झाला पोरी, माझ्या हातचं कुणी खाल्लेलं नाही. बादूनंही नाही."

"मावशी, तुम्ही मामांना ठणकावून सांगत का नाही?"

"काय सांगू? मी कबूल करणार आहे."

"काय?"

"मला स्वप्न पडलं होतं. गाडीमागं धावत होते, थांब थांब म्हणत. बादू लहानपणी डबा विसरायचा, तेव्हा धावायचे ना शाळेच्या गाडीमागं, तसं. संदेष्टे म्हणाले, स्वप्नातच होतं ते काम, करणारीला कळतही नाही." त्यांनी निखारे उगीच हलवले. "आणि तूच म्हणालीस ना गाडीत दोष नाही म्हणून. मग दोष कुठंतरी असणारच की. माझ्यात नसेल कशावरून?"

लोकांनी आरोप केला ते एक. पण ही बाई आपल्याच मायेची उलटतपासणी घेऊन स्वतःला गुन्हेगार ठरवून बसली होती, आणि त्या खटल्यातली पहिली साक्षीदार होती बिरागो.

तिनं हात पुसून विचारलं, "मावशी, तुम्ही रोज इथं बसून बघता. गाडी बंद पडताना नेमकं काय होतं?"

"आधी प्रवचन थांबतं," त्या लगेच म्हणाल्या. "माझ्या छातीत तिथंच धस्स होतं. मग मी चार श्वास घेते. मग गाडी मरते."

"दर वेळी?"

"दर वेळी. एकदाही उलटं नाही."

दुपारी बिरागोनंही ते ऐकलं होतं. खालच्या वळणापासून बादूनं आवाज पूर्ण चढवला होता, आपली गाडी देवाची आहे हे गावात शिरताना सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. मग भोंगे एकदम मुके झाले आणि चार-पाच सेकंदांनी इंजिन गचके देत थांबलं. संदेष्टे त्याला सैतान म्हणाले. बिरागोनं बावीस वर्षांत सैतान नाही, पण तारा पुष्कळ पाहिल्या होत्या. पंप थांबला तरी नळीतल्या पेट्रोलवर इंजिन चार श्वास काढतंच. म्हणजे भोंगा आणि पंप एकाच क्षणी मेले होते. एकाच क्षणी मरायचं तर दोघांचा करंट एकाच ठिकाणाहून यायला हवा.

अख्ख्या गावात नीट निरीक्षण केलं होतं ते एकट्या आरोपीनं.

रविवारी उजाडताच बिरागो बादूच्या अंगणात गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणी पडलेली होती. बादू बाजूला उभा, चेहरा उतरलेला.

"हा भोंगा कुणी बसवला?"

"संदेष्ट्यांच्या माणसानं. आशीर्वादाचा सेट आहे तो, मोठ्या अँप्लिफायरचा. संदेष्ट्यांना मानणारे सगळे ड्रायव्हर लावतात."

"कधी?"

"झाले दोन-अडीच महिने." आणि घाईघाईनं, "मास्टरीणबाई, त्या वायरीला हात लावू नका. प्रार्थना करून बसवलीय ती."

"प्रार्थना करून बसवलीय, पण फ्यूज न लावता," बिरागो आतून म्हणाली. "इकडं वाक आणि बघ."

रिलेच्या मागं, पंपाकडं जाणाऱ्या तारेला त्याच रंगाची दुसरी तार पिळून जोडलेली होती. वर काळी टेप इतकी सफाईदार की हात फिरवल्याशिवाय कळू नये. ती थेट भोंग्याच्या अँप्लिफायरला गेली होती. एका माणसाच्या डोक्यावर चार माणसांचं ओझं द्यावं, तसं त्या डब्याचं झालं होतं. चढावर इंजिन तापलेलं, त्यात आवाज पूर्ण चढवलेला. डबा तापून पट्टी सोडून द्यायचा. मग प्रार्थनेच्या वीस मिनिटांत निवायचा आणि पुन्हा पकडायचा. दर तापण्यात थोडा थोडा जळायचा, आणि शेवटी साफ जायचा.

"म्हणजे मी घाबरून जितका आवाज वाढवला..." बादूनं वाक्य अर्धवट सोडलं.

"तितकी ती लवकर मेली."

त्यानं वाकून ती जोडलेली तार पुन्हा पाहिली. मग हट्टानं म्हणाला, "पण तुम्ही चुकत असाल तर? मागं तुम्हीच गाडी चांगली म्हणालात. उद्या ब्रेक गेले, पोरं असतील आत. कुणावर विश्वास ठेवू?"

"माझ्यावरही नको ठेवू," बिरागो म्हणाली. "सगळ्यांसमोर करून दाखवते. मग डोळ्यांवर ठेव."

प्रार्थना सुटल्यावर गावातल्या चर्चच्या आवारात सगळे जमले. बिरागो मधे उभी राहिली. "संदेष्टेसाहेब, तुमचं प्रवचन लावते, पूर्ण आवाजात. चालेल ना?"

आपलंच प्रवचन नको म्हणणारा संदेष्टा अजून जन्मायचा आहे. इंजिन सुरू झालं, भोंगे गरजू लागले. दहा मिनिटं गेली. वीस गेली. ऊन चढलं. पंचविसाव्या मिनिटाला भोंगे मुके झाले, चार श्वासांनी इंजिनही. कुणीतरी किंचाळलं.

"ती घरात बसून करते आहे," संदेष्ट्यांनी लगेच हात उचलले. "गुडघे टेका."

"टेकू की सगळे," बिरागो म्हणाली. "फक्त तुमचं घड्याळ मामांकडं द्या. आणि चावी आत्ताच फिरवायला सांगा, वीस मिनिटांनी कशाला? देवाला काय मुहूर्त लागतो?"

संदेष्ट्यांनी मनगट दुसऱ्या हातानं झाकलं. मामांनी हात पुढं केला, तो मागं घेईनात. शेवटी घड्याळ सुटलं. संदेष्ट्यांनी चाकाची गाठ सोडवली, टाकीची सोडवली. तीन मिनिटांनी बादूनं चावी फिरवली. काही नाही. पाच मिनिटांनी फिरवली. काही नाही. गर्दीत मागून एक म्हातारा ड्रायव्हर खणखणीत बोलला, "काय रे जेडेडाया, तू माझ्याच गाडीवर कंडक्टर होतास. बंद पडली की काय म्हणायचास? काका, जरा निवू द्या, चालू होते आपोआप." दोघं-तिघं हसले.

बिरागोनं डॅशखाली हात घालून फडक्यानं रिले उपटला आणि मामांच्या तळहातावर ठेवला. मामांनी हाय करून तो टाकून दिला. तळहाताला फोड यायची राहिली.

"ही ती चेटकीण," बिरागो म्हणाली. "आता कुणी प्रार्थना करायची नाही, कुणी ओठ हलवायचे नाहीत." तिनं तो डबा चर्चच्या पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला. आठ मिनिटं सगळं आवार मुकाट उभं होतं. मग डबा पुसून जागी बसवला आणि बादूला खूण केली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"मी मनातल्या मनात करत होतो," संदेष्टे म्हणाले.

या वेळी मात्र बरेच जण हसले.

बिरागोनं पिळलेली तार तोडून दाखवली. प्रत्येकानं येऊन ती हातात घेऊन पाहावी असा आग्रह धरला, म्हाताऱ्यांनाही सोडलं नाही. मग अँप्लिफायरला बॅटरीवरून वेगळी तार दिली, वेगळा फ्यूज घातला. फ्रेमाबाईंना बोलावून पुढच्या सीटवर बसवलं. "मावशी, आता जोर लावा. मनातून म्हणा, गाडी बंद पडू दे. संदेष्टेसाहेब म्हणतात तुम्हाला जमतं."

"नको गं," त्या म्हणाल्या.

"म्हणा. सगळ्यांदेखत म्हणा."

भोंगे पूर्ण आवाजात, मामा मागच्या सीटवर साक्षीला, आणि म्हातारी डोळे मिटून पुटपुटत असलेली, अशी ती गाडी अकोरासेचा चढ तीनदा उतरली आणि तीनदा चढली. वाटेत कुठं गचकासुद्धा बसला नाही. तिसऱ्यांदा माथ्यावर आली तेव्हा माणसांनी बाजूला होऊन वाट दिली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, दिवसा चेटूक झोपलेलं असतं म्हणून. म्हणणारे नेहमीच असतात.

संदेष्टे तोवर घड्याळ मागायलाही न थांबता निघून गेले होते.

"ऐका," बिरागो गाडीच्या पायरीवरून म्हणाली. तिला भाषणाची सवय नव्हती. "यात संदेष्ट्यांचा जेवढा दोष, तेवढा माझा. मला कारण सापडलं नव्हतं, आणि मी सांगितलं की कारण नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सापडलं नाही तर सापडलं नाही म्हणायचं, पुन्हा शोधायचं, दुसऱ्याला विचारायचं. लाज वाटते, वाटू दे. पण आपल्याला कळलं नाही म्हणून एका माणसाला धरून साखळीला नेऊन बांधायचं, हे आता पुरे करा. त्या छावणीत अजून तीन बाया आहेत. त्यांच्याही घरी असंच काहीतरी बिघडलं असेल, आणि ते कुणी उघडून पाहिलं नसेल."

मामा खाली उतरले. सोमवारचं जाणं रद्द, आणि आपण स्वतः छावणीवर जाऊन त्या तिघींची चौकशी करू, एवढंच ते बोलले आणि बहिणीकडं न बघताच बाजूला झाले.

बादू पुढच्या दाराशी गेला. त्यानं फ्रेमाबाईंना उतरायला हात दिला, मग तिथंच गुडघ्यांवर बसला. "थोरली आई, मला माफ कर."

फ्रेमाबाईंनी हात घेतला नाही. सीटच्या कडेला धरून त्या आपल्या आपण उतरल्या, कापड सारखं केलं आणि त्याच्याकडं पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्या मान वर करून कुणाकडं तरी बघत होत्या.

"त्या डब्यासाठी तू तीनदा कुमासीला गेलास," त्या म्हणाल्या. "तीनदा विचारलंस, याला काय झालं म्हणून. माझ्या दाराशी रोज थांबायचास बादू, आणि मला एकदाही विचारलं नाहीस."

त्या घराकडं वळल्या. शेगडी विझली होती, ती पेटवायला त्यांनी कोळसे काढले.